प्राधान्य क्रमांक एक

थंडी ओसरायला लागली की दरवर्षी नगरपालिकेचा शिपाई माझ्या फोटो स्टुडिओत येतो. "साहेबांनी बोलावलंय, कॅमेरा घेऊन या," एवढं सांगतो आणि पंख्याखाली बसून पाणी पिऊन जातो. म्हणजे गावातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायचे. जपण्यासारख्या इमारती कोणत्या आणि त्यांतली यंदा आधी कोणती दुरुस्त करायची, हे ठरवायला आमच्याकडे एक वारसा समिती आहे. ती वर्षातून एकदा बसते, इमारतींना नंबर लावते, कचोरी खाते आणि उठते. यंदा शिपाई आला तेव्हा मी म्हटलं, "बाबा रे, दुसरा कुणीतरी बघ." तो म्हणाला, "का बरं हो भाऊ? रागावले का?" तो नवा आहे. त्यानं वत्सलाअक्कांना पाहिलेलं नाही.

गावाचं नाव सांगत नाही. धुळ्याहून जळगावला जाताना वाटेच्या जरा बाजूला पडतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर उद्या माझ्या स्टुडिओच्या पायरीला अतिक्रमणाची नोटीस येईल, आणि पायरी अतिक्रमणातच आहे.

वत्सलाअक्का मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मूळच्या पिंपळनेरकडच्या. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्या त्यांना 'बाई' म्हणायच्या. उरलेलं गाव 'अक्का' म्हणायचं. बुटक्या, काटक, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी चपला आणि हनुवटीवर हरभऱ्याएवढा मस. या मसावरूनच माझी त्यांची पहिली गाठ पडली. पेन्शनच्या कागदांना फोटो हवा म्हणून त्या आल्या होत्या. मी आपला नव्या धंद्याच्या उत्साहात, कॉम्प्युटरवर चेहरा जरा साफ केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि ओरडल्या, "मन्हा मस कथा गया रे?"

मी म्हटलं, "अक्का, काढून टाकला. बरं दिसतं."

"बरं दिसायला मी काय लग्नाला उभी आहे? जे आहे ते दाखव. उद्या बँकवाला म्हणेल, ही बाई ती नव्हे!" आणि खरंच, मस परत बसवून घेतल्याशिवाय त्या स्टुडिओतून हलल्या नाहीत. जाताना मात्र पिशवीतून दोन सीताफळं काढून टेबलावर ठेवली. रागावल्या की त्या अहिराणीत बोलायच्या आणि राग उतरला की खायला द्यायच्या. त्यामुळे त्यांच्या ओळखीची माणसं जरा गुटगुटीत असायची.

शाळेतही त्यांचा हाच खाक्या होता. वर्गात पोचे पडलेला पितळी तांब्या ठेवायच्या आणि मुलींना काढायला सांगायच्या. ज्या मुलीनं गोल गरगरीत तांब्या काढला तिचे मार्क गेलेच म्हणून समजा. "तुझ्या मनातला तांब्या मला नको. समोरचा काढ. पोचा काढायला लाज वाटते का?" माझी बायको त्यांची विद्यार्थिनी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भाजी आळणी झाली तर मी काही बोलायच्या आत तीच म्हणते, "आळणी झालीय, पोचा आहे, खा."

अक्कांच्या पिशवीत पेन्सिली असत, खोडरबर असे, आणि एक ओळंबा असे. भिंत सरळ आहे की नाही बघायला गवंडी दोरीला लोखंडी वजन बांधून सोडतात, तो. चित्रकलेच्या बाईला ओळंबा कशाला? तर उभी रेषा म्हणजे काय हे मुलींना दाखवायला. पण निवृत्त झाल्यावर त्या तो कुठंही सोडू लागल्या. एका कापूस व्यापाऱ्याच्या बंगल्याची वास्तुशांत होती. पंगत बसलेली, खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि अक्का पानावरून उठून भिंतीशी. ओळंबा सोडला, एक डोळा मिटला आणि भर पंगतीत जाहीर केलं, "शेठ, भिंत फुगून पोटात आलीय तुमची."

शेठाणी त्यांची विद्यार्थिनी. ती बिचारी काकुळतीला आली, "बाई, आधी जेवून तर घ्या ना!"

"जेवते ना. पण या भिंतीला पाठ लावून नाही." आणि ताट उचलून त्या समोरच्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांच्याबरोबर सगळी रांग उठली. तेव्हापासून गावात म्हणच पडली, अक्कांना आमंत्रण द्यायचं तर आधी गवंड्याला द्या.

अशा बाईला वारसा समितीवर कुणी घेतलं? चुकून घेतलं. समितीवर एक महिला पाहिजे असा वरून नियम आला आणि तेव्हाच्या नगराध्यक्षांच्या बायकोनं आपल्या बाईंचं नाव सुचवलं. पालिकेतल्या लोकांना वाटलं असेल, म्हातारी येईल, हळदीकुंकवाला आल्यासारखी बसेल, कचोरी खाईल. इथंच त्यांचं गणित चुकलं, आणि नंतर अक्कांचंही चुकलं. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

बाजाराच्या मागे, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जुना जनाना दवाखाना होता. काळा दगड, सागाचे खांब, तिन्ही बाजूंनी पडवी आणि वर कौलं. माझी आई तिथं बाळंत झाली, म्हणजे मी तिथलाच. दवाखाना नव्या जागेत गेला तशी तिथं रेशनकार्डाची कचेरी आली, ती गेल्यावर पालिकेनं मोडक्या कचराकुंड्या आणि जुने नळ आणून टाकले. पण अक्का शाळेत असल्यापासून दरवर्षी मुलींना घेऊन तिथं जायच्या. पडवीत खांबांच्या सावल्या अशा पडायच्या की सावली शिकायची तर तिथंच, असं त्यांचं मत होतं. मी एकदा विचारलं, "अक्का, गावात एवढी देवळं आहेत, जुनी वेस आहे, तुमचा जीव या दवाखान्यातच का?"

त्यांनी पदर पुन्हा कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "माझी मोठी बहीण बाळंतपणात गेली. आमच्याकडं दवाखाना नव्हता, गाडी मिळेस्तोवर संपलं होतं. मी या गावात आले आणि ही इमारत पाहिली. चंदू, या गावात बायांसाठी बांधलेली ही एकच गोष्ट आहे. बाकी सगळं पुरुषांनी पुरुषांसाठी बांधलंय, तुझ्या त्या वेशीसकट." त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, इमारत दुरुस्त करून तिथं मुलींसाठी अभ्यासिका करायची. घरी दोन खोल्यांत सात माणसं असलेल्या पोरींनी वाचायला बसायचं कुठं? पडवीत बसायचं. बाकं कुठं ठेवायची तेसुद्धा त्यांनी कागदावर काढून ठेवलं होतं.

सगळ्या इमारतींचे अहवाल लिहायचं काम समितीनं त्यांच्याच गळ्यात टाकलं. पहिल्या बैठकीला त्यांनी जनानाचा अहवाल लिहिला तो तांब्यासारखा, समोर आहे तसा. इमारत भक्कम आहे. कौलं सरकली आहेत, पन्हाळी तुंबल्या आहेत, मागच्या भिंतीत पिंपळ उगवलाय तो काढावा. एवढं केलं तर पुढच्या तीन पिढ्या काळजी नाही. मी फोटो दाखवायला तिथंच होतो. समितीच्या अध्यक्षांनी अहवाल ऐकला, खुश झाले. "वा वा! भक्कम आहे ना अक्का? मग घाई काय? आधी पडायला आलेल्यांचं बघू." आणि जनाना गेला यादीच्या तळाला.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पिंपळ तोवर चांगला हाताएवढा झाला. ज्यांनी पदरचं घालून वेळच्या वेळी कौलं शाकारली त्यांच्या इमारती तळाला, आणि ज्यांनी सडू दिल्या त्या वर. अक्का बैठकीतून निघाल्या त्या तडक माझ्या स्टुडिओत. स्टुलावर बसल्या आणि फुटल्या, "बठ्ठा बहिरा शेतस! धडधाकट माणसाला औषध नाही म्हणतात, मरायला टेकला की मग बघू म्हणतात. हाई काय रीत शे?"

माझी बायको आतून चहा घेऊन आली. ती सहज बोलून गेली, "बाई, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

अक्कांनी तिच्याकडं बघितलं. चहा प्यायला आणि गेल्या. माझी बायको अजून म्हणते, मी ते बोलायला नको होतं. मी म्हणतो, तू नसतीस बोललीस तर कुणीतरी बोललंच असतं. सगळं गाव असंच चालतं. रस्त्याला खड्डा पडला की 'मोटारसायकलवाला मेला' म्हणून सांगितल्याशिवाय डांबर येत नाही, हे शेंबड्या पोराला माहीत आहे.

त्या वर्षी फोटो काढायला गेलो तर अक्का मला म्हणाल्या, "खाली बस. अजून खाली. तडा खालून घे, रुंद दिसला पाहिजे."

मी तडा नीट बघितला. "अक्का, हा गिलाव्याचा तडा आहे हो. आत दगड शाबूत आहे."

"ते तुला माहीत, मला माहीत. त्यांना कुठं माहीत आहे?"

असं बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ओळंबा पिशवीतच राहिला. अहवालात त्यांनी 'तातडीनं लक्ष देणं गरजेचं' असं लिहिलं आणि जनाना तळातून मधे आला. पुढच्या वर्षी 'चिंताजनक' लिहिलं, तो वर सरकला. मग 'अत्यंत चिंताजनक'. शेवटी त्यांनी लिहिलं, 'इमारत कोणत्याही क्षणी कोसळेल, जीवितहानी अटळ आहे', आणि जनाना पहिल्या नंबरवर बसला. अक्का त्या दिवशी इतक्या हरखल्या होत्या की गल्लीतल्या सगळ्यांना जिलेबी वाटली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

पहिला नंबर मिळाला म्हणजे काय मिळालं? एक पाटी मिळाली. 'वारसा वास्तू, प्राधान्य क्रमांक एक.' पालिकेच्या माणसांनी ती लावायला सागाच्या खांबाला ड्रिल मारलं. अक्का धावत गेल्या तोवर भोकं पडून गेली होती. पुढच्या वर्षी नंबर तोच, काम नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नंबर तोच. कौलं सरकतच होती, पन्हाळी तशाच. गंमत बघा, एवढं होऊनही भिंत जागची हलली नव्हती. पिंपळ तर अक्कांनी शेवटी स्वतःच माणूस लावून काढला. अहवालात मात्र दरवर्षी 'कोणत्याही क्षणी' हे लिहीतच राहावं लागलं. जरा कमी लिहिलं तर नंबर जायचा ना!

जनानाच्या भिंतीला टेकून सलीमचाचांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजायचे, दाढी पांढरी म्हणावी की कापूस बसलाय म्हणावं, कळायचं नाही. एका दुपारी आम्ही फोटो काढत होतो तर चाचा काम थांबवून बाहेर आले. हातात पेपर. पेपरात अक्कांचंच वाक्य छापून आलेलं. म्हणाले, "अक्का, सच बोलो. ये दीवार गिरनेवाली है क्या? मी नातवाला इथंच निजवतो दुपारचा."

अक्का पुढं झाल्या. मग भिंतीवर तळहात ठेवून म्हणाल्या, "बस तू खुशाल, सलीमभाई. माझ्या शब्दावर बस. ही भिंत तुझ्या नातवाच्या लग्नालाही उभी असेल. पेपरातलं ते त्यांच्यासाठी आहे."

"म्हणजे उनको झूठ, मुझे सच?" चाचा हसले आणि आत जाऊन परत पिंजायला बसले. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला खायलाही काही दिलं नाही.

मग नवे मुख्याधिकारी आले. धुळ्याकडून बदलून आलेले, तरुण, इस्त्रीचा शर्ट, कुणाची कचोरी न खाणारे. आधीच्या गावात त्यांच्या डोळ्यांदेखत पावसात एक जुनी भिंत पडली होती आणि खाली माणसं गेली होती. ते स्वतः मातीतून माणसं काढायला उतरले होते, असं त्यांचा ड्रायव्हर सांगायचा. हे साहेब आल्या आल्या सगळ्या फायली वाचायला बसले. आमच्या पालिकेत फाईल वाचणारा माणूस म्हणजे कौतुकाचाच विषय. त्यांनी अक्कांना निरोप पाठवून बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "अक्का, मी तुमचे सगळे अहवाल वाचले. एवढी वर्षं तुम्ही ओरडून सांगताय आणि कुणी ऐकलं नाही, मला लाज वाटते. आता मी बघतो."

अक्का तिथून माझ्याकडं आल्या त्या पेढे घेऊन. डोळ्यांत पाणी. "चंदू, वाचलं रे कुणीतरी!" संध्याकाळी सुताराकडं जाऊन बाकांचं बोलणंही करून आल्या. सुतार म्हणाला, "अक्का, आधी इमारत तर होऊ द्या." तर त्यालाच रागावल्या.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. पालिकेत दरवर्षी दोन याद्या होतात. थंडी संपताना वारसा इमारतींची, आणि मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, धोकादायक इमारतींची. पहिल्या यादीतल्या इमारती जपायच्या असतात, दुसऱ्या यादीतल्या पाडायच्या. आजवर दोन्ही याद्या आपापल्या कपाटात सुखानं पडून होत्या, कारण वाचायचं कुणालाच नव्हतं. या साहेबांनी दोन्ही वाचल्या. जिथं 'जीवितहानी अटळ' असं समितीच्याच सदस्यानं लिहिलंय ती इमारत दुसऱ्या यादीत का नाही, असा त्यांना प्रश्न पडला. आणि त्यात त्यांचं काय चुकलं, ते मला आजही सांगता येत नाही.

मे महिन्यात नोटीस लागली. त्याच सागाच्या खांबाला, त्याच पाटीखाली. 'धोकादायक. प्रवेश निषिद्ध.'

अक्का भर उन्हात चालत कचेरीत गेल्या. मी मागून स्कूटरवर गाठलं आणि त्यांच्याबरोबरच आत गेलो. त्या उभ्याच राहिल्या. "साहेब, इमारत भक्कम आहे. मी वाढवून लिहिलं होतं. तुम्ही लोकांनी लक्ष द्यावं म्हणून."

साहेबांनी त्यांना पाणी दिलं. "अक्का, मला तुमचं दुःख कळतं. तुमचा जीव आहे तिच्यात. पण तुम्हीच तर लिहिलंय, एकदा नाही, दरवर्षी. फोटो आहेत."

"चला माझ्याबरोबर. ओळंबा सोडून दाखवते."

"आणि उद्या पडली तर? त्या गादीवाल्याचं पोर तिथं निजतं, मी स्वतः पाहिलं. तुमच्या कोणत्या बोलण्यावर मी ते पोर तिथं ठेवू?"

अक्कांचा हात पिशवीतल्या ओळंब्याकडं गेला आणि रिकामाच परत आला. मी पहिल्यांदाच त्यांना असं बघितलं. मग त्या म्हणाल्या, "लिहून देते. मी खोटं लिहिलं, असं लिहून देते." साहेबांनी कागद दिला. पण लगेच म्हणाले, "अक्का, विचार करा. यादीतल्या बाकीच्या इमारतींचे अहवालही तुमचेच आहेत. हा खोटा म्हटला तर ते खरे कसे धरायचे? सगळी यादीच मोडीत निघेल." तरी अक्कांनी लिहिलं. आणि झालं काय? समितीची तातडीची बैठक बसली. जे मेंबर आजवर कधी एक शब्द बोलले नव्हते ते आपापली कातडी वाचवायला बोलले. अक्कांचं वय झालंय, भावनेच्या भरात काहीही लिहितात, पूर्वीचे अहवाल मात्र आम्ही सर्वांनी मान्य केलेले आहेत, तेच धरावेत. तपासणीला आलेला इंजिनिअर गाडीतून उतरलासुद्धा नाही नीट. त्यानं अक्कांचीच जुनी वाक्यं उतरवून काढली आणि खाली सही ठोकली.

पाडायला जेसीबी आला. सकाळी लावला, दुपार झाली, एक दगड हलेना. जेसीबीच्या बकेटचा दात तुटला. ड्रायव्हर खाली उतरून कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "कोन म्हने ही पडनारी व्हती?" लोक हसले. शेवटी जळगावहून पोकलेन मागवला. तो यायला एक दिवस, आणि आल्यावरही त्याला पुरे तीन दिवस लागले. कोणत्याही क्षणी कोसळणारी इमारत जीव तोडून उभी राहिली होती. सलीमचाचांनी दुकान समोरच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली मांडलं होतं, तिथं गाद्यांच्या चळतीवर अक्का रोज येऊन बसायच्या. मी म्हणायचो, "अक्का, चला घरी, काय बघायचं त्यात?" तर म्हणायच्या, "समोर आहे ते बघायला नको का?" चाचांनी त्यांना एकदाही काही विचारलं नाही. दुपारी आपल्या डब्यातली भाकरी अर्धी करून द्यायचे, बस. मला मात्र फार राग यायचा. कुणावर, ते ठरवता यायचं नाही, म्हणून घरी जाऊन बायकोवर ओरडायचो.

शेवटची भिंत पडली तेव्हा धूळ एवढी उडाली की बाजारापर्यंत काही दिसेना. अक्का खोकत खोकत उठल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर त्या कुणाच्या भिंतीला काही बोलल्या नाहीत. समितीचा राजीनामा दिला. भाची जळगावला असते, ती किती वर्षं मागे लागलेली, "मावशी, ये माझ्याकडं." या वेळी अक्का हो म्हणाल्या.

हे इथं संपलं असतं तर बरं होतं. पण त्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचं ठरलं आणि भूमिपूजनाला मोठा मांडव पडला. साहेबांची तोवर बदली झाली होती. नवे नगराध्यक्ष हौशी. त्यांच्या डोक्यात आलं की अक्कांचा सत्कार करायचा. जागरूक ज्येष्ठ नागरिक म्हणून. भाचीनं खूप सांगितलं, जाऊ नको. पण अक्का जळगावहून एकट्या एसटीनं आल्या. फोटोची ऑर्डर माझीच होती. म्हटलं, बहुतेक यांना चार शब्द सुनावायला आल्यात, बरं झालं.

शाल घातली, श्रीफळ दिलं. सूत्रसंचालक माईकवर म्हणाला, "अक्कांनी वेळोवेळी सावध केलं, म्हणून आज आपल्या गावात एक भयानक दुर्घटना टळली. किती आयाबहिणींचं कुंकू वाचलं!" टाळ्या पडल्या. अक्कांनी हात पुढं करून माईक मागितला. त्याला वाटलं, दोन शब्द आभाराचे.

त्या अहिराणीत नाही बोलल्या. शाळेत बोलायच्या तसं स्वच्छ, सावकाश बोलल्या. "मी खोटं लिहिलं होतं. ती इमारत पडणार नव्हती. तिच्या भिंती या गावातल्या कुठल्याही भिंतीपेक्षा सरळ होत्या. माझ्या खोट्यामुळं ती गेली. तुमच्या लेकींची जागा मी घालवली."

मी कॅमेरा खाली घेतला. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. एखादी बाई उठेल, तिथं जन्मलेला कुणी उठेल, शिव्या देईल, काहीतरी होईल. तेवढ्यात सूत्रसंचालकानं दुसरा माईक उचलला. "बघा, किती हा विनम्रपणा! मोठी माणसं श्रेय घेत नाहीत, ती अशी!" आणि सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. नगराध्यक्ष उभे राहून वाजवत होते, म्हणून सगळे उभे राहिले. अक्का माईक धरून तशाच उभ्या. त्या परत म्हणाल्या, "मी खरं सांगतेय," पण तोवर त्यांचा माईक बंद केला होता आणि बँडवाल्यांनी सुरुवात केली होती.

मी त्यांना स्कूटरवर बसवून स्टँडवर आणलं. जळगावची गाडी लागलेलीच होती. शाल त्यांनी घडी करून माझ्याकडं दिली, म्हणाल्या, सलीमभाईला दे, थंडीत लागेल. मी म्हटलं, "अक्का, लोकांना कळलं नाही हो. नीट ऐकूच गेलं नाही."

"ऐकलं ना. सगळ्यांनी ऐकलं." त्या पायरीचा दांडा धरून चढल्या आणि दारातच थांबल्या. मागचे लोक ढकलत होते. "एक जन बी रागे भरना नही रे, चंदू. एक जन बी नही."

कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीत त्या मला दिसल्या नाहीत, बहुतेक पलीकडच्या बाजूला जागा मिळाली असावी.